उत्तराला जागा ठेवणारी आक्का

आमच्या ऑफिसच्या फलकावर एकदा मालकांनी कागद लावला, 'येत्या शनिवारी सुट्टी मिळणार नाही.' खाली त्यांची लांबलचक सही. दुपारपर्यंत त्या सहीखाली तीन चौकटी उमटल्या होत्या. पहिलीपुढे लिहिलं होतं, 'चालेल'. दुसरीपुढे, 'घरी कार्य आहे'. तिसरीपुढे, 'येतो, पण सोमवारी उशिरा येऊ द्या'. संध्याकाळी तिसऱ्या चौकटीत खुणा मावत नव्हत्या. मालक तणतणत बाहेर आले आणि हे कुणी केलं म्हणून विचारू लागले. खरं तर विचारायची गरज नव्हती. सगळ्यांचे डोळे खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले होते. तिथे आक्का फुटाणे खात बसली होती.

"मी," ती म्हणाली. "तुमी लिवलासा खरं, पर उत्तराला जागाच ठेवला न्हाईसा. म्हणून मी ठेवली."

मालक थोडा वेळ तिच्याकडे आणि थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. सोमवारी आम्ही सगळे उशिरा आलो.

तिला आक्का सगळेच म्हणायचे, वयाने चांगले मोठे असलेले मालकसुद्धा. आमचं ऑफिस म्हणजे बेळगावात हार्डवेअरच्या दुकानावरचा एक मजला. जिन्यात रंगाच्या डब्यांचा वास, वर मोजकी डोकी आणि त्याहून मोजके पंखे. आक्का प्रोग्राम लिहायची आणि मी ते तपासायचो, म्हणजे ती घर बांधणार आणि मी भिंतीला लाथा मारून बघणार. मी जवळच्या कंग्राळी गावचा. सकाळी शेतावर चक्कर टाकायची, पायाचा चिखल धुवायचा आणि ऑफिस गाठायचं, असा माझा दिवस. लोक मला भांडखोर म्हणतात आणि ते खोटं नाही. पण त्या ऑफिसात भांडायला तोलामोलाचं माणूस एकच होतं.

कुणी नुसतं कळवलेलं तिला सहनच व्हायचं नाही. ऑफिसच्या ग्रुपवर कुणी शुभ सकाळ म्हणून फूल टाकलं की बाकीचे अंगठा दाखवून मोकळे व्हायचे. आक्का लिहायची, 'फूल कशाचं हाय? आपल्याकडं येतंय का?' मग टाकणाऱ्याची पंचाईत व्हायची. त्याला बिचाऱ्याला फुलाशी काही देणंघेणं नसायचं. पण तो शोधायचा, दुसरा कुणी त्याला खोडून काढायचा, आणि दहा वाजेपर्यंत ग्रुपवर बागायतदारांची सभा भरायची.

एकदा आम्ही दोघं कामासाठी निपाणीला निघालो होतो. स्टँडवर भोंग्यातून आवाज आला की निपाणीची गाडी उशिरा सुटेल. लोकांनी उसासे टाकले आणि पिशव्या खाली ठेवल्या. आक्का उठली, चौकशीच्या खिडकीशी गेली आणि खणखणीत कानडीत विचारलं, किती उशीर? चहा पिऊन येऊ, का जेवून येऊ? आतला माणूस आधी वैतागला. मग त्याने कुठेतरी फोन केला आणि म्हणाला, "ऊटा माडि बर्री." जेवून या. आक्का वळून जेवायला निघाली आणि तिच्यामागून अर्धा स्टँड निघाला.

"एवढं एक वाक्य आधी बोलला असता तर जीव जात हुता काय त्येचा?" भाकरी मोडता मोडता ती म्हणाली. "हाक मारायची आन् दार लावून घ्यायचं, ही कुठली रीत रं?"

हे तिचं पालुपद होतं. ती हे मालकांना म्हणायची, बँकेच्या फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या बाईला म्हणायची, आणि संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या नोटिफिकेशनच्या चौकटीला तर रोजच म्हणायची. चौकट यायची, काहीतरी सांगायची आणि आपण तोंड उघडायच्या आत सरकून नाहीशी व्हायची. "गेली बग," आक्का म्हणायची. "सांगितलं आन् पळालं."

त्या दिवशी निपाणीत तिने मला घरी नेलं. बुद्धविहारामागच्या गल्लीत नीटनेटकं दोन खोल्यांचं घर. तिची आई आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत राबलेली. बोलताना मध्येच थांबून खोकायची आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलायची. मी काय काम करतो ते आक्काच्या आईने मला अगदी बारकाईने विचारलं. आमच्या घरीसुद्धा आजवर कुणी एवढं विचारलेलं नव्हतं. परतीच्या गाडीत आक्काने खिडकीची काच ओढून घेतली. मग आपणहून म्हणाली, "वखारीच्या दारावर खडूनं लिवलेलं असायचं. उद्या काम न्हाय. मजुरी कमी केली. पाळी बदलली. माझ्या आईला वाचाय येत न्हवतं, शेजारची वाचून सांगायची. जन्मभर तिला सगळे नुसतं कळवत आले बग. इचारलं कुणी न्हाय."

हे ती रडवेली होऊन बोलली नाही. एखाद्या प्रोग्राममधली चूक सापडावी आणि ती दाखवावी, तसं बोलली. पण त्यानंतर तिच्या चौकटींवर हसायचं मी बंद केलं.

डेअरीचं काम आलं ते याच सुमारास. एका खाजगी डेअरीची गावोगावी दूध संकलन केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर एक संगणक असायचा, वजनकाट्याला आणि फॅट मोजायच्या यंत्राला जोडलेला. दूध घालणाऱ्याला त्यातूनच पावती मिळायची. बेळगावचं मुख्य कार्यालय केंद्रांना जे काही कळवायचं ते त्याच पडद्याच्या कोपऱ्यात चौकट पाठवून कळवायचं. टँकर उशिरा येईल, टँकर येणार नाही, आज एवढंच दूध घ्या. केंद्रावरच्या माणसाला काही सांगायचं असेल तर हातातलं दूध थांबवायचं, दुसरा प्रोग्राम उघडायचा, पासवर्ड घालायचा आणि अर्ज लिहावा तसं लिहायचं. तेव्हा कुणी काही सांगायचंच नाही. आम्हाला त्या चौकटी जरा देखण्या करून द्यायच्या होत्या, बस्स.

आक्काने देखण्या केल्या आणि न सांगता त्यांना बटणं लावली. चौकटीतच उत्तर. काही उघडायला नको, लिहायला नको. जी चौकट हाक मारते तिच्यातच बोट टेकवायचं की बेळगावला पोहोचलं.

डेअरीचे मॅनेजर शिस्तीचे गृहस्थ होते. खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. त्यांनी बटणं पाहिली, चष्मा काढला आणि आदराचं कानडी 'री' लावून विचारलं.

"हे काय री मॅडम?"

"केंद्राचं उत्तर, सर."

"केंद्राला कळवायचं असतंय. त्यांचं उत्तर घेऊन मी काय करू? एवढी गावं आहेत. सगळ्यांचं ऐकत बसलो तर टँकर कधी सोडू?"

"ऐकला न्हाईसा म्हणून तर दूध नासतंय."

मालकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, जणू मीच बोललो होतो. ते काम गेलं असतं तर आमच्या मजल्यावरच्या पंख्यांची संख्या आणखी घटली असती. बरीच समजूत घातल्यावर मॅनेजर म्हणाले की ठीक आहे, उचगावच्या बाजूचा टँकरचा एकच रूट घ्या. महिनाअखेरपर्यंत वापरून बघू. उपयोग दिसला नाही तर बटणं काढायची आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. आक्का लगेच 'बरं' म्हणाली. जिना उतरताना मात्र तिने कठडा घट्ट धरला होता.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही जे भांडलो ते खालच्या हार्डवेअरवाल्यालाही पाठ झालं असेल. प्रोग्राम बंद असताना बटण दाबलं तर उत्तर जात नव्हतं, ते मी पकडलं. एका केंद्रावर दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरं दिली तर काय, यावर आम्ही चहा थंड केला. काल आलेली चौकट कोपऱ्यात पडून असते आणि कुणी आज तिचं बटण दाबतं, हेही मीच दाखवलं. त्यावर ती खूश झाली. चूक दाखवली की खूश होणारी प्रोग्रामर मी दुसरी पाहिली नाही. "शिळ्या प्रश्नाला ताजं उत्तर नको," म्हणत तिने वेळ टळली की बटणं आपोआप विरून जातील अशी सोय केली. आणि एक गोष्ट तिने कुणाचंही न ऐकता घातली. बटण दाबलं की चौकटीत शब्द यायचा, 'पोचलं'. "बोललेलं ऐकू गेलं का न्हाय, एवढं तरी कळाय नको व्हय माणसाला?"

रूट सुरू झाला. मॅनेजरांनी कळवलं, 'संध्याकाळचा टँकर उशिरा येईल.' खाली दोन बटणं, 'ठीक आहे' आणि 'नाही, अडचण आहे'. एकेक उत्तर आमच्या पडद्यावर यायला लागलं. ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे. आठवडाभर असंच चाललं. एकाही केंद्राने 'नाही' दाबलं नाही. आणि त्याच आठवड्यात उचगावचं एका संध्याकाळचं सगळं दूध आंबलं, कारण त्यांचं थंड करायचं यंत्र बिघडलं होतं. त्या संध्याकाळचं उचगावचं उत्तर होतं, 'ठीक आहे'.

मॅनेजर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बघा मॅडम. त्यांना काही बोलायचंच नाहीये. आपणच उगं."

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून आक्का उचगावला आली.

केंद्र एक वहिनी सांभाळायच्या. संकलन संपल्यावर त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा ठेवला. आक्का सरळ मुद्द्यावर आली. "वहिनी, यंत्र बंद हुतं, मग ठीक आहे का दाबलासा?"

वहिनींनी पदर सावरला. "साहेबांचं आलतं की वो ते. साहेबास्नी न्हाय कसं म्हनायचं?"

"अडचण आहे असं बटन हुतं की."

"त्येच्या आदी न्हाय लिवल्यालं हुतं." मग चहाचे कप पुढे सरकवत म्हणाल्या, "दारात आवतण घिऊन माणूस आला तर आमी येणार न्हाय म्हणतो व्हय, आक्का? घरात पोरगं तापानं फणफणलं असलं तरी न्हाय म्हणत न्हाय. पोराला ताप हाय, एवढंच सांगतो. मग काय ते त्येचं तो समजतो."

मी चहाचा घोट घ्यायचा विसरलो. आमच्या कंग्राळीत तरी दुसरं काय होतं? माझी आई आजवर एकाही आवतणाला 'येणार नाही' म्हणालेली नाही. 'म्हैस व्यायला झालीय' म्हणते, आणि आवतण देणारा मान डोलावून पुढच्या दाराला जातो. हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि तपासणी करताना एकदाही डोक्यात आलं नव्हतं. आक्काने कप खाली ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"मी बी वखारवाल्यागतच केली की," गाडीवर बसताना ती म्हणाली. "दार उघडलं, आन् उंबऱ्यावर मोठा दगुड ठेवला. न्हाय म्हणाय लावू नये माणसाला. काय हाय ते सांगू द्यावं."

त्याच दिवशी तिने 'ठीक आहे' काढून टाकलं आणि 'नाही'ही काढून टाकलं. मालक घाबरले. हो-नाही नसलेलं बटण त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. नव्या चौकटीत टँकरच्या निरोपाखाली तीन बटणं आली. 'दूध ठेवायला जागा आहे.' 'दूध तोवर राहणार नाही.' 'गावातली गाडी मिळते.' कुणाचा अपमान नाही, कुणाची परवानगी नाही, जे असेल ते. त्या संध्याकाळी वहिनींचं उत्तर आलं, 'दूध तोवर राहणार नाही.' त्या रूटवरून आलेलं ते पहिलं खरं उत्तर. मॅनेजरांनी ते पाहिलं, हूं म्हणाले आणि टँकर मात्र ठरवलेल्या उशिरानेच सोडला. महिना संपत आला होता.

आणि मग बंद आला. सीमाभागात बंद काही नवा नाही. कधी या बाजूचा, कधी त्या बाजूचा, रस्ता मात्र दोन्ही वेळा तोच अडतो. दुपारी बातमी पक्की झाली आणि डेअरीच्या ड्रायव्हरांनी हात वर केले. मॅनेजरांनी सगळ्या केंद्रांना एकच निरोप पाठवला, 'उद्या टँकर येणार नाहीत.' आम्ही दोघं योगायोगाने त्यांच्याच कार्यालयात होतो. मॅनेजर खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या दृष्टीने दिवस संपला होता.

पण आमच्या रूटची उत्तरं पडद्यावर यायला लागली. एका केंद्राने कळवलं, जागा आहे. दुसऱ्याने, दूध राहणार नाही. मग उचगाव, 'गावातली गाडी मिळते.' त्याच्या पाठोपाठ आणखी एक गाव, तेच बटण. मॅनेजर हळूहळू पुढे सरकले. त्यांनी चष्मा पुसला. मग एक पेन काढून कागदावर रेघा मारायला लागले, कुठल्या गावाची गाडी कुठल्या गावाचं दूध उचलेल, जागा असलेल्या केंद्रात काय ठेवायचं, आतल्या रस्त्याने रस्ते अडायच्या आत कोण पोहोचेल. मध्येच त्यांनी विचारलं, "मॅडम, उचगावची गाडी केवढी आहे?"

"मला काय इचारताय? त्यास्नी इचारा की."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका केंद्राला प्रश्न पाठवला. उत्तर लगेच आलं. मी आक्काकडे पाहिलं. ती खालचा ओठ दातांखाली धरून पडद्याकडे बघत होती, आणि माझा ऊर अभिमानाने इतका भरून आला की मला उगाचच खोकावं लागलं.

सकाळी रस्ते बंद व्हायच्या आत त्या एका रूटचं दूध गावातल्या टेम्पोंमधून डेअरीत पोहोचलं होतं. बाकीच्या रूटवर कुणी खवा आटवला, कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, कुणी ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डेअरीच्या कार्यालयात हिशोबाला बसलो होतो तोच मॅनेजरांचा फोन वाजला. दुसऱ्या रूटवरच्या कडोली केंद्राचे आप्पा. आवाज इतका चढलेला की फोन कानापासून लांब धरूनही आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आमच्या दारात टेम्पो उभा हुता वो! सगळं दूध वाया गेलं!"

"आप्पा, आम्ही तुम्हाला आदल्या दिवशीच कळवलं होतं की—"

"कळवलासा व्हय! इचारलासा कुटं? उचगावला इचारलासा, आमी काय घोडं मारलंय?"

आक्का खुर्चीत अगदी ताठ बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. कार्यालयाला जाब विचारणारा हा माणूस तिने कधी पाहिलेलाही नव्हता. पण वखारीच्या दारासमोर जे कुणी कधी बोललं नव्हतं, ते तो आज बोलत होता.

"चुकलं, आप्पा," मॅनेजर म्हणाले. "उद्यापासून तुम्हालाही विचारतो."

फोन ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, सगळ्या रूटला घाला."

"घालते, सर. कडोलीला आदी."

आता ती निपाणीत स्वतःचं ऑफिस चालवते. कुणी माझी ओळख विचारली की मी आधी सांगतो, ती माझ्या शेजारी बसायची, आणि मग माझं नाव सांगतो. पण मला ती दिसते ती आप्पांच्या फोनच्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळची. कडोलीला बटणं सुरू होऊन काही तास झाले होते. मॅनेजरांनी सवयीने निरोप पाठवला की कडोलीचा टँकर उशिरा येईल. आम्ही तिघं पडद्यासमोर उभे होतो. कडोलीचं उत्तर आलं. 'दूध तोवर राहणार नाही.'

मॅनेजरांनी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि ड्रायव्हरला फोन लावला. त्या संध्याकाळी टँकर आधी कडोलीला गेला.